अपिस्टोच्या सोबतीला कोण: कॉरी, कार्डिनल की पेन्सिलफिश?

गेल्या आठवड्यात चिपळूणहून भाच्याचा फोन आला. "मामा, कॉकाटू अपिस्टोची जोडी मिळाली. मादी आल्या आल्या कोपरा धरून बसलीय. आता सोबत काय सोडू? दुकानदार म्हणतो, खाली सहा कॉरी टाक, तळ साफ राहील."

अपिस्टो म्हणजे दक्षिण अमेरिकेतला छोटा सिक्लिड, अंडी-पिल्लं राखणाऱ्या माशांच्या कुळातला; कॉकाटू ही त्याची एक जात. कॉरी हा तळाशी फिरणारा छोटा मिशीवाला मासा, तर कार्डिनल आणि पेन्सिलफिश हे थव्याने ठेवायचे छोटे मासे. फोनवर पाच मिनिटांत संपणारा हा विषय नव्हता. दुकानदाराने सांगितलेली वाट मी स्वतः २०१९ मध्ये धरली होती आणि ती सोडायला मला दोन वर्षं लागली. म्हणून त्याच्यासाठी, आणि हाच प्रश्न घेऊन बसलेल्या इतरांसाठी, जरा सविस्तर लिहितोय. टँक सायकल करणं (मासे सोडण्याआधी पाण्यात उपयोगी जिवाणू वाढू देणं), आठवड्याला किती पाणी बदलायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. माझा टँक तीन फुटी आहे, साधारण १३० लिटरचा, आणि खाली जे सांगतोय ते त्या एका टँकपुरतं आहे.

सोबत हवीच का, असंही काही जण विचारतात. माझ्या मते हवी. अपिस्टोची जोडी एकटी ठेवली तर दिवसभर टँकमध्ये उपड्या ठेवलेल्या नारळाच्या करवंटीत नाहीतर लाकडाखाली दडून असते. वरच्या पाण्यात छोटे मासे निवांत फिरताना दिसले की यांना भरवसा येतो, आसपास बगळा-खंड्या नाही, बाहेर पडायला हरकत नाही. म्हणजे सोबतीच्या माशाचं खरं काम वर आहे. हे मला आधी कळलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

पाण्याच्या बाबतीत आपण कोकणातले लोक नशीबवान आहोत. देशावरचे मित्र आरओचं पाणी मिसळत बसतात. आपल्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळातच मृदू आणि किंचित आम्लधर्मी असतं. माझ्या विहिरीचं पाणी मीटरवर ६० ते ७० टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) दाखवतं. त्यात किनाऱ्यावर पडलेली देशी बदामाची दोन वाळकी पानं टाकली की चार दिवसांत पाण्याला चहासारखा रंग येतो, आणि दक्षिण अमेरिकेतल्या या माशांना तेच हवं असतं. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, तेवढं मात्र सांभाळा.

अडचण उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये माझ्या टँकचं पाणी ३० अंशांवर जातं. निऑन टेट्रा जरा थंड पाण्यातला मासा, त्यामुळे तो मी विचारातच घेतला नाही. साधा ब्राँझ कॉरीही या उकाड्यात मलूल पडतो. त्याच्याऐवजी स्टरबाई कॉरी ऊब चांगली सोसतो. कार्डिनलला फारसा त्रास होत नाही. अपिस्टोलाही ३० अंश जास्तच, म्हणून मी झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावतो. (उकाड्याची आणखी एक गंमत सांगतो. अपिस्टोच्या पिल्लांत नर किती आणि माद्या किती, हे पाण्याच्या तापमानावरही ठरतं. रोमर आणि बाइझेनहेर्ट्झ या जर्मन संशोधकांनी १९९६ मध्ये ते दाखवून दिलं. पाणी गरम असेल तर नर जास्त. माझ्या मे महिन्यातल्या पिल्लांत मादी शोधावी लागते.)

आता कार्डिनल. दिसायला याच्या जवळ कोणी येत नाही. रिओ नेग्रोच्या काळ्या पाण्यातला हा मासा चहाच्या रंगाच्या पाण्यात पेटल्यासारखा दिसतो, रत्नागिरी-चिपळुणात मिळतो आणि थवा धरून राहतो. मी वर्षभर बारा ठेवले होते. मोठ्या अपिस्टोंशी त्यांचं एकदाही भांडण झालं नाही. पण खाणं टाकलं की ते तळापर्यंत धडक मारतात, आणि पिल्लं बाहेर पडली की मादीचं तोंड दुसरीकडे वळायची वाट बघतात. सकाळी चाळीसेक पिल्लं असली तर आठवड्याने सहा-सात उरायची. पिल्लं वाढवायची नसतील तर कार्डिनल घ्या, मी अडवणार नाही.

कॉरीबद्दल मात्र थांबून बोलावं लागेल, कारण तो मासा मला मनापासून आवडतो. डोळा मिचकावल्यासारखा फिरवतो, मिशांनी वाळू उकरत सहाच्या सहा रांगेत फिरतात, मधूनच एखादा सुळकन वर जाऊन हवेचा घोट घेऊन येतो. हा घोट म्हणजे खेळ नव्हे. कॉरी ती हवा गिळून आतड्यातून प्राणवायू घेतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. एअर पंप बंद, पाणी गरम. मी तांब्याने पाणी वरून ओतत बसलो होतो, बाकीचे मासे पृष्ठभागाला तोंड लावून होते, आणि कॉरी खाली शांत होते. त्या चार दिवसांत त्यांच्याबद्दल माझ्या मनात जो आदर निर्माण झाला तो अजून आहे.

तरीही ते माझ्या टँकमधून गेले, आणि ते गेले रात्रींमुळे.

कॉकाटूची मादी करवंटीच्या आत, छताला अंडी चिकटवते. पिवळीधमक होते, अंगावरच्या काळ्या खुणा ठसठशीत उमटतात, आणि त्या दिवसापासून करवंटीभोवतीचा वीतभर भाग तिचा. नरालाही तिथे थारा नसतो. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, पुढचे चार-पाच दिवस पिल्लं आतच वळवळत असतात, मग पोहायला लागतात. म्हणजे आठवडाभर तिला डोळ्यात तेल घालून राखण करायची असते. सिक्लिडांचा हा स्वभावच आहे. सिंधुदुर्ग-गोव्याच्या खाड्यांतला आपला कालुंदर हाही सिक्लिडच, आणि तोही अंडी-पिल्लं अशीच राखतो.

ती धावून गेली की इतर मासे समजून घेतात आणि लांब जातात. कॉरीला ते समजतच नाही. अंगावर चिलखतासारख्या हाडांच्या पट्ट्या, त्यामुळे चावा फारसा लागत नाही. बाजूला होतो आणि पाच मिनिटांनी वाळू उकरत उकरत परत तिथेच. दिवसभर हेच चालतं. मादी खात नाही, पोट आत जातं, कल्ले भराभर हलतात. हेही मी सोसलं असतं. पण दिवा मालवला की तिला दिसत नाही, आणि कॉरीचा दिवस तेव्हा सुरू होतो. अंधारात त्याला डोळ्यांची गरज नाही, मिशा पुरतात.

लागोपाठ तीन वेळा सकाळी करवंटी रिकामी मिळाली. दोनदा वाटलं, नवीन मादी आहे, स्वतःच खात असेल. तिसऱ्या वेळी, अंडी घातल्याच्या दुसऱ्या रात्री, दोन वाजता उठून टॉर्च लावली. करवंटीच्या खाचेतून दोन शेपट्या बाहेर आलेल्या, दोन्ही हळूहळू हलत होत्या. मादी स्पंज फिल्टरच्या मागे होती. पिवळा रंग पार उतरलेला, पर अंगाला चिकटलेले. टॉर्चचा उजेड पडल्यावर ती करवंटीकडे आली, एका शेपटीला चावली, ती शेपटी तेवढ्यापुरती हलली आणि पुन्हा आत गेली. सकाळी छतावर एकही अंडं नव्हतं.

त्यावर उपाय नाही असं नाही. खोलीत झिरोचा बल्ब रात्रभर लावून ठेवला की मादीला अंधुक दिसतं आणि ती राखण करू शकते. तसं करून माझी दोन वेत निघाली. पण मग दर वेताला आठवडाभर तो बल्ब सांभाळायचा, आणि पावसाळ्यात आपल्याकडची वीज रात्री किती वाजता जाईल हे कोण सांगणार? दुसऱ्या वेताच्या वेळी एका कॉरीचा डोळाही गेला. चिलखत असलं तरी डोळा उघडाच असतो, आणि चिडलेली मादी नेमका तोच बघते. दोघांचीही चूक नव्हती. एकाच तळावर दोघांना ठेवायची चूक माझी होती. तौक्तेनंतर महिनाभराने सहाही कॉरी गप्पी पाळणाऱ्या मित्राला दिले. तिथे ते सुखात आहेत.

रॅम, म्हणजे असाच दुसरा एक छोटा सिक्लिड, पाळणाऱ्यांसाठी हे आणखी खरं आहे. रॅम उघड्यावर, चपट्या दगडावर अंडी घालतो. त्याला करवंटीची भिंतही नाही.

गावातल्या एका मित्राने मधे सुचवलं, पऱ्ह्यातला पिकू आणून सोड, आपल्याच पाण्यातला, वरच पोहणारा. डोक्यावरचा तो चकचकीत ठिपका मलाही आवडतो. पण पिकूचं तोंड मोठं आणि स्वभाव शिकाऱ्याचा. पिल्लं त्याच्या पोटात गेली असती.

तेव्हा पेन्सिलफिश. गयाना-सुरीनामकडचा गोल्डन पेन्सिलफिश मी मागवला. तो दुकानात आयता मिळाला नाही. मुंबईहून रात्रीच्या बसने थर्मोकोलच्या खोक्यात दहा आले, त्यातला एक वाटेतच गेला, आणि कार्डिनलपेक्षा महागही पडले. आठवडाभर ते एका कोपऱ्यात जीव मुठीत धरून होते, तेव्हा मलाही वाटलं की चुकलो.

मग ते पसरले. वरच्या चार-पाच इंचांत काडीसारखे अधांतरी थांबतात, जरासे पुढे सरकतात, पुन्हा थांबतात. नर एकमेकांसमोर पर फुलवून फिरतात, पण त्यात कोणाला इजा झालेली मी पाहिली नाही. तोंड इतकं बारीक की नुकती फुटलेली आर्टेमियाच (माशांना घालतात ती कोळंबीसारखी बारीक जीवं) त्यांच्या मापाची. पडलेलं खाणं उचलायला तळाशी सहसा जात नाहीत. अपिस्टोची पिल्लं आईच्या पोटाखाली, वाळूलगत असतात; पेन्सिलफिश वर. दोघांच्या मध्ये फूटभर पाणी. एखादं पिल्लू चुकून वर गेलं तर ते टिपत असतीलही, पण ते आल्यानंतरच्या पहिल्या वेतात महिनाभराने पंचवीसच्या आसपास पिल्लं उरली होती. महिनाभराने एवढी उरलेली मी तोवर कधी मोजली नव्हती.

सवयीने मी एका रात्री पुन्हा टॉर्च लावून पाहिलं. पेन्सिलफिशच्या अंगावरची आडवी रेघ पुसट झाली होती आणि तिच्या जागी उभे गडद ठिपके आले होते. हा त्यांचा रात्रीचा रंग. सगळे तरंगत्या झाडांच्या मुळांशी स्तब्ध. खाली मादी करवंटीच्या तोंडात, पिवळीच.

त्यांचे त्रास नाहीत असं नाही. खायला ते सावकाश, त्यामुळे कार्डिनलबरोबर ठेवले तर उपाशी राहतात. दोन्ही एकत्र नकोत. आणि ते उड्या मारतात. मे महिन्यात पंख्यासाठी झाकण काढलं तेव्हा एक जमिनीवर वाळलेला सापडला. आता मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टँकच्या तोंडावर ताणून बसवतो; वारा लागतो, मासा आत राहतो.

टँक चार फुटी असेल, अपिस्टो एका टोकाला आणि कॉरीला दुसरं टोक मोकळं असेल, किंवा पिल्लांची हौसच नसेल, तर कॉरी ठेवणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही. त्यातल्या त्यात पिग्मी कॉरी बघा, तो लहान असतो आणि बराच वेळ मधल्या पाण्यात पोहतो. पण तीन फुटी टँक, एक जोडी, आणि सकाळी उठल्यावर करवंटीबाहेर पिल्लांचा पुंजका बघायची इच्छा असेल, तर माझा कौल वरच्या पाण्याकडे आहे.

भाच्याला तेच सांगितलं. "मग तळ कोण साफ करणार, मामा?" म्हणाला. मी म्हटलं, तू, नळीने, दर रविवारी. त्याने दहा पेन्सिलफिश सांगून ठेवले आहेत, पाऊस लागायच्या आत येतील. त्याच्यासाठी एक करवंटी मी उकळून, शेंडी खरवडून, बोटभर खाच पाडून ठेवली आहे.