रविवार पेठेत बनवून घेतलेला वस्तऱ्याचा चामडी पट्टा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी रोज सकाळी दाढीपूर्वी ज्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवतो, त्याविषयी हे लिहीत आहे. पूर्वी केशकर्तनालयात खुर्चीशेजारी असा पट्टा टांगलेला असे. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे पाते वापरण्याची पद्धत आल्यावर तो दिसेनासा झाला आणि त्याबरोबर तो बनवणारेही दुर्मीळ झाले. पुण्यात बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत धार लावायचे दगड हवे तेवढे मिळाले, पण पट्टा मिळाला नाही. शेवटी रविवार पेठेतच कमरपट्टे आणि पिशव्या शिवणाऱ्या एका कारागिराला मापे देऊन तो बनवून घेतला. तीन इंच रुंद, वापरण्याजोगी लांबी अठरा इंच, चामड्याची जाडी सुमारे तीन मिलिमीटर, मागे सुती कॅनव्हासची दुसरी पट्टी आणि एका टोकाला टांगण्यासाठी कडी, अशी त्याची रचना आहे. त्याचे १,६५० रुपये पडले.

पट्ट्याकडून नेमकी कशाची अपेक्षा करावी, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. बोथट झालेल्या वस्तऱ्याला पट्टा धार आणत नाही. ते काम दगडाचे आहे. दगडावरून उतरलेल्या चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचे टोक एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, बारीक असते, तर माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एवढी बारीक कड दाढी करताना जागोजागी किंचित वाकते, आणि ती पुन्हा सरळ रेषेत आणून गुळगुळीत करणे हे पट्ट्याचे काम. कड तुटली असेल, तर मात्र पट्टा हतबल आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेला केससुद्धा पात्याचे सूक्ष्म टवके उडवू शकतो; पोलादाची अंतर्गत रचना त्या जागी असमान असेल आणि केस पात्याला तिरका भिडला, तर हे घडते. असे टवके साचत गेले की वस्तरा केस ओढू लागतो आणि त्याला दगडाकडे न्यावेच लागते. माझा जर्मनीतल्या सोलिंगेनचा जुना वस्तरा, जो मी एका रविवारी जुन्या बाजारातून घेतला, या आठ महिन्यांत दोनदाच दगडावर गेला. एरवी पट्ट्यानेच त्याची धार टिकवली आहे.

चामड्याच्या बाबतीत कारागिराने उत्तम निवड केली. बाजारातले बहुतेक मऊ चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. पिशवीसाठी ते चांगले, पण पट्ट्यासाठी मला ते फार लवचिक वाटते. हे चामडे झाडांच्या सालीने कमावलेले, कोल्हापुरी चपलेच्या जातीचे आहे. त्या चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, हे अनेकांना ठाऊक असेल. ते घट्ट आहे, वस्तऱ्याखाली दबून वर उसळत नाही आणि त्याला नेमकी हवी तेवढी ओढ आहे. पाते सरकताना हाताला जो सौम्य विरोध जाणवतो, त्याला मी ओढ म्हणतो. ती अजिबात नसेल, तर धारेवर काहीच घडत नाही; फार असेल, तर हात अडखळतो आणि पाते उचलले जाते. नवा असताना हा पट्टा कोरडा आणि निसरडा होता. रोज तळहाताने जोर देऊन घासल्यावर साधारण तीन आठवड्यांनी त्याची ओढ जमली, आणि आजही वस्तरा फिरवण्यापूर्वी मी तळहात दहा-बारा वेळा त्यावरून फिरवतो. खोबरेल तेल लावण्याचा सल्ला मला दोघांनी दिला, पण मी तो मानला नाही, कारण मुरलेल्या तेलाने चामडे नरम पडते आणि जी घट्टपणाची गोष्ट आपण पैसे देऊन घेतली, तीच नाहीशी होते.

कॅनव्हासच्या पट्टीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. कापडाला भरपूर खळ होती, आणि त्यावरून वस्तरा फिरवताना खरखर ऐकू येई. मी ती पट्टी कडीतून सोडवून साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा धुतली आणि अर्धवट ओली असतानाच पाटावर पसरून लाटण्याने दाबून वाळवली. त्यानंतर ती कामाची झाली. हे काम बनवणाऱ्यानेच करून द्यायला हवे होते. कडीजवळची शिवणही चौथ्या महिन्यात सैल झाली. ती त्याने विनामूल्य पुन्हा घातली, तरी रोज ताण घेणाऱ्या जागी सुरुवातीपासूनच दुहेरी शिवण असायला हवी, असे माझे मत आहे.

वापरण्याची रीत थोडक्यात अशी. प्रथम कॅनव्हासवर पंधरा फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस. एकदा जाणे आणि एकदा येणे म्हणजे एक फेरी. वस्तऱ्याची पाठ पुढे आणि धार मागे, पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला सतत टेकलेल्या. टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवर वळवायचे, कधीही धारेवर नाही. पट्टा ताणलेला हवा, कारण तो झोळीसारखा लोंबला की चामडे धारेभोवती वळते आणि तिला गोलावा येतो. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा फार अधिक दाब देऊ नये. वेग वाढवण्याचा मोह टाळावा. पहिल्याच आठवड्यात घाईने मनगट वळवल्यामुळे माझ्या पट्ट्याच्या कडेला अर्ध्या इंचाचा काप गेला. तो बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट केला. आता तो त्रास देत नाही, पण दिसतो.

हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट याच पट्ट्यावर लावावी का, असे मला विचारले जाते. लावू नये. तिचे सुमारे अर्ध्या मायक्रॉनचे कण पोलाद खरोखर घासून काढतात, म्हणजे ते दगडाचेच सौम्य काम झाले, आणि रोज केल्यास धारेचा आकार हळूहळू बदलतो. शिवाय एकदा लावलेली पेस्ट चामड्यातून पूर्णपणे निघत नाही. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि लाकूडकामाच्या पटाश्या यांसाठी मी उरलेल्या चामड्याचा तुकडा सागाच्या फळीवर चिकटवून त्याला पेस्ट लावली आहे. त्या कामाला लोंबता पट्टा मुळीच नको, सपाट फळीच हवी, कारण सुरीचा कोन वस्तऱ्यासारखा पाठ टेकवून आपोआप मिळत नाही. तो हाताने धरावा लागतो.

जो रोज उघड्या वस्तऱ्याने दाढी करतो, त्याने हा पट्टा अवश्य बनवून घ्यावा. मात्र कॅनव्हास खळ काढलेलाच द्या आणि कडीजवळ दुहेरी शिवण घाला, असे आधीच सांगावे. बदलत्या पात्याचा रेझर वापरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. पुण्यातल्या पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. जुलैत माझा पट्टा न्हाणीघरात टांगलेला होता आणि आठवड्याभरात त्याच्या मागच्या बाजूला पांढुरकी बुरशी आली. कोरड्या फडक्याने ती पुसून, दोन दिवस सावलीत वारा दिल्यावर चामडे पूर्ववत झाले. तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुंटीला असतो, आणि वस्तऱ्याच्या पात्यावर खनिज तेलाचा पातळ थर देऊन मी तो वेगळ्या, कोरड्या पेटीत ठेवतो. दुसऱ्या दिवशी ते तेल आधी कापडाने पुसायचे आणि मगच वस्तरा पट्ट्यावर घ्यायचा.