कुत्र्यासाठी गाडीतली झोळी: धुळे ते जैसलमेर, हजार किलोमीटरला पुरते का?

मागच्या सीटवर बांधायचं झोळी-कव्हर आणि त्यासोबत बेल्टच्या खाचेत अडकवायचा पट्टा, असा संच साधारण दीड ते अडीच हजारांत मिळतो. पेट शॉपमध्ये मिळतो, ऑनलाइनही मिळतो. गावातल्या गावात कुत्रं दवाखान्यात न्यायचं असेल तर कुठलाही उचला, फार फरक पडत नाही. इथे कसोटी वेगळी आहे. डिसेंबर-जानेवारी, गाडीत माणूस एकच, मागे वीस-पंचवीस किलोचं कुत्रं, आणि रस्ता धुळे, साक्री, नवापूर, सुरत, अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर, जैसलमेर. एका बाजूने हजार किलोमीटरच्या आसपास. एकट्याने तीन दिवस धरावेत; दोन दिवसांत उरकायचा हट्ट माणसालाही नडतो आणि कुत्र्यालाही. या कसोटीला झोळी बारा आणे उतरते. सोबतचा पट्टा मात्र पार नापास.

आधी झोळी. कापड बहुतेक ठिकाणी ६०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर, आतून पाणी न शोषणारा लेप, मध्ये पातळ अस्तर. माप १४७ बाय १३७ सेंटिमीटरच्या जवळपास. चार बंद असतात, दोन मागच्या हेडरेस्टला आणि दोन पुढच्या. शिवाय सीटच्या फटीत खोचायच्या दोन गोल नळ्या. घेण्याआधी पुढच्या सीटचं हेडरेस्ट उपसून निघतं का ते बघा. बऱ्याच गाड्यांच्या स्वस्त मॉडेलमध्ये ते सीटलाच एकजीव असतं, बंद अडकवायला दांड्याच नसतात. वरून नुसता गुंडाळलेला बंद पहिल्या जोरदार ब्रेकला निसटतो. माप घ्यायचं तर सुतळी घ्या. मागच्या हेडरेस्टपासून पाठीवरून खाली, सीटवरून पुढे, मधली फट ओलांडून पुढच्या हेडरेस्टपर्यंत. सुतळी झोळीच्या लांबीपेक्षा दहा सेंटिमीटरहून जास्त भरली तर ती झोळी तुमच्या गाडीत तबल्यासारखी ताणली जाईल आणि शिवण आधी उसवेल.

बांधताना ड्रायव्हरची सीट आधी स्वतःच्या मापाने लावा, मगच बंद आवळा. लोक उलट करतात. झोळी घट्ट बांधतात, मग सीट पुढे घेतात आणि बंदाच्या मुळाशी टाके तुटतात.

दुकानात कोणी सांगत नाही असा दोष म्हणजे पाय ठेवायच्या जागेवरचा खड्डा. मागची सीट आणि पुढची सीट यांच्यामध्ये झोळीला खालून आधार नसतो. कुत्रं तिथे पाय टाकतं, कापड खचतं, ते दचकून पुन्हा सीटवर चढतं आणि मग झोपायचं सोडून तासन् तास तोल सावरत उभं राहतं. साक्रीपर्यंत हे चालून जातं. पुढे कोंडाईबारी घाटाची वळणं लागली की उभ्या कुत्र्याला उलटी होते, आणि दोष घाटाला दिला जातो. उपाय सोपा आहे. दोन्ही पायखड्ड्यांत पाण्याचे कॅन किंवा कपड्यांच्या पिशव्या सीटच्या उंचीपर्यंत दाबून भरा, वर १२ मिलिमीटरचा प्लाय टाका, त्यावर झोळी पसरा आणि झोळीवर जुनी गोधडी. प्लायच्या कडा कानशीने घासून गोल करा, नाहीतर तीच कड दोन दिवसांत झोळी आतून कापते. एवढं केलं की बहुतेक कुत्री तासाभरात आडवी होतात. जेवण निघण्याआधी तीन-चार तास, तेही निम्मं. गाडी लागण्याची सवयच असेल तर डॉक्टरांकडून गोळी आधीच लिहून घ्या, माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका.

वॉटरप्रूफ हा शब्द निम्माच खरा. कापडातून पाणी जात नाही, पण अस्तर जागेवर राहावं म्हणून मारलेल्या आडव्या-उभ्या शिवणींच्या सुईच्या भोकांतून जातं. घरीच तपासा. खाली वर्तमानपत्र, वर झोळी, मध्यावर हाताने खळगा करून तांब्याभर पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. कागदावर ठिपक्यांची रांग उमटली तर शिवणी गळतात. नदीकाठी किंवा पावसात फिरणाऱ्यांना ते नडेल. वाळवंटाच्या वाटेवर हा दोष खपवून घेता येतो, कारण तिकडे पाण्यापेक्षा वाळूचा त्रास जास्त.

पुढच्या बाजूची जाळीची खिडकी चांगली कल्पना आहे. एसीची हवा मागे जाते, कुत्र्याला माणूस दिसतो, ते कमी कण्हतं. पण जाळी म्हणजे भिंत नव्हे. हिवाळा म्हणजे भरिताचा हंगाम, आणि जळगावकडून निघणाऱ्या गाडीत भरीत-कळण्याच्या भाकरीचा डबा असणारच. तो पुढच्या सीटवर ठेवू नका. वासाने जाळी नखांनी फाटते हा एक भाग. दुसरा असा की भरितातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कोरडी भाकरी चालेल, भरीत नाही.

आता पट्टा. संचातला पट्टा बेल्टच्या लाल बटणाच्या खाचेत अडकतो, आणि घोटाळा तिथेच होतो. कुत्र्याचा पंजा त्या बटणावर पडला की पट्टा सुटतो. चालवणारा एकटा, मागे बघणारं कोणी नाही. सुटलंय हे पुढच्या टोलनाक्यावर काच खाली केल्यावर कळतं. गुजरातच्या हद्दीवर पोलीस कधी थांबवून मागचं दार उघडायला लावतात; सुटं कुत्रं त्या क्षणी थेट हायवेवर उडी मारतं.

दुसरा दोष हुकाचा. हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी धडकून दशांश सेकंदात थांबली तर २० किलोच्या कुत्र्याचा ओढा सुमारे ३४० किलोइतका होतो. संचातला जस्ताचा चकचकीत हूक किल्लीच्या जुडग्याला शोभणारा आहे, हा भार त्याच्यासाठी नाही. हुकावर किलोन्यूटनमध्ये (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा ओढा) आकडा कोरलेला नसेल तर तो भार पेलणारा नाही असंच धरा. गिर्यारोहणाच्या सामानातला २० किलोन्यूटनच्या वरचा कॅराबिनर, म्हणजे झडपेची कडी, घ्या. तो मागच्या सीटच्या फटीतल्या आयसोफिक्सच्या, म्हणजे लहान मुलांची सीट अडकवायच्या, लोखंडी कडीत अडकवा. कडी नसेल तर बेल्टचीच पट्टी हार्नेसच्या (कुत्र्याच्या छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या) पाठीवरच्या फासातून ओवून खाचेत लावा, आणि लाल बटणावर मधोमध बोटापुरतं भोक पाडलेला जाड प्लास्टिकचा डबीचा तुकडा बसवा, म्हणजे पंजा पोचत नाही पण बोट पोचतं.

पट्टा गळपट्ट्याला कधीच नाही, हार्नेसलाच. लांबी ४० ते ५० सेंटिमीटर: बसता-झोपता आलं पाहिजे, गिअरपर्यंत पोचता येता कामा नये. हार्नेस घेताना शिवण बघा. जिथे कडी अडकते तिथे चौकोनात फुली मारलेली दुहेरी शिवण हवी. नुसती सरळ टीप असेल तर तो फिरायला न्यायचा हार्नेस आहे, गाडीत बांधायचा नव्हे. झोळीला पाचपैकी साडेतीन, सोबतच्या पट्ट्याला पाचपैकी एक. तोही झोळीसोबत फुकट येतो म्हणून.

बाडमेरच्या पुढे झोळीची वेगळीच परीक्षा होते. तिकडे भुरट नावाचं गवत आहे, त्याची काटेरी बोंडं कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात आणि झोळीच्या वेल्क्रोत सारखीच घट्ट रुततात. वेल्क्रोचे आकडे भरले की बाजूचे पडदे उघडे राहतात. म्हणून वेल्क्रोऐवजी जाड दातांची चेन असलेली झोळी घ्या, आणि चेनवर आधीच मेणबत्ती घासून ठेवा. बोंडं काढायला लोखंडी कंगवा आणि चिमटा हवाच. हाताने ओढाल तर आपल्याच बोटात मोडतात. जैसलमेरजवळच्या समच्या किंवा खुडीच्या वाळूच्या टेकड्यांवर दहा मीटरचा दोर लावूनच कुत्रं सोडा. उंटाची लाथ हे एक कारण. दुसरं म्हणजे लगतचं मरू राष्ट्रीय उद्यान: तिथे माळढोक आहे, आणि मोकळं कुत्रं जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यासाठी संकटच.

कच्छच्या पांढऱ्या रणाकडे वळलात तर प्रश्न मिठाचा. पंजे मिठाने चिरतात, कुत्रं ते चाटतं, मग तहानतं आणि जुलाब होतात. गोड्या पाण्याने पंजे धुऊनच गाडीत घ्या. कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे वीस किलोला सव्वा लिटरपर्यंत. पायखड्ड्यातले कॅन याच कामाचे. तिकडच्या खाऱ्या पाण्यावर विसंबू नका.

थंडीत झोळीचं कापड गार पडतं. जैसलमेरला जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा खाली घोंगडी हवी. आणि दुपारची ऊब फसवी असते. बाहेर २२ अंश असताना उन्हातली बंद गाडी तासाभरात चाळिशी ओलांडते, बरीचशी पहिल्या अर्ध्या तासातच. काच बोटभर उघडी ठेवून फरक पडत नाही. एकट्या माणसाने म्हणून ढाब्यावर बाहेरच्या बाजेवर जेवावं, कुत्रं बाजेच्या पायाला बांधून.

ज्यांच्या गाडीला ही मापं बसत नाहीत त्यांनी धुळ्या-जळगावच्या एखाद्या कुशनवाल्याकडून शिवून घ्यावी. जाड कॅनव्हास, खालून रेक्झीन, बंदांना दोन इंची नायलॉन पट्टी आणि मुळाशी चौकोन-फुलीची शिवण, एवढं कागदावर काढून द्या. अस्तर घालू नका म्हणजे सुईची भोकंही पडत नाहीत. जड होते, घडी मोठी होते, पण खचत कमी.

भांड्यांच्या दुकानात नाव कोरून देणारा असतो. त्याच्याकडून पितळी चकतीवर मोबाइल नंबर कोरून गळपट्ट्यात घाला. छापील प्लास्टिकचं बिल्लं वाळूने दोन दिवसांत कोरं होतं. रेबीजच्या लसीचा दाखला झोळीच्या मागच्या खिशात.

परतल्यावर झोळी मशिनात टाकू नका, लेप सुटतो. आधी कोरडी झटका, कारण वाळू ओली झाली की शिवणीत बसते. मग साध्या पाण्याने ब्रश मारा, कड्या-हुकांवरचं मीठ चोळून काढा आणि सावलीत दोरीवर टाका.