क्लचचा गुडघा आणि मॉक्साची कांडी

आधी लिफ्टचं सांगतो. गुडघे, कंबर, खांदे दुखणाऱ्यांसाठी काढलेलं हे अ‍ॅक्युपंक्चर केंद्र नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि मी जायचो तेव्हा लिफ्ट बहुतेक वेळा बंदच असायची. वर पोचेपर्यंत पेशंटचं निम्मं निदान आपोआप होतं. खाली पार्किंग फक्त दुचाकीपुरतं. रिक्षाने आलात तर कोपऱ्यावरच उतरा, गल्लीत रिक्षा वळत नाही. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे बऱ्याच तक्रारी आहेत आणि आतली डॉक्टर मुलगी चांगली आहे. तिच्या पोटावर पाय नको. तेव्हा हा अभिप्राय दुकानाचा कमी आणि मालाचा, म्हणजे तिथे मिळणाऱ्या मॉक्सिबशन नावाच्या शेकाचा, जास्त समजा.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. बरीचशी नोकरी कसारा घाटात आणि वणीच्या गडाखालच्या नांदुरी घाटात गेली. घाटात गाड्या तुंबल्या की डावा पाय क्लचवरून उचलायची सोय नसते, आणि जुन्या गाड्यांचा क्लच दाबायला मांडीत ताकद लागायची. उजवा गुडघा आजही ठणठणीत आहे, डाव्याची झीज झाली आहे. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, वजन उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा, गोळी अगदीच सहन होईना तेव्हाच घ्या. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण सकाळी गुडघा इतका आखडलेला असायचा की त्याच्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा तो साधा व्यायामही दात-ओठ खाऊन करावा लागे. आमच्या डेपोतल्या एका जुन्या कंडक्टरने हे ठिकाण सांगितलं. म्हणाला, "सुया नको असतील तर नुसता शेक घे."

हा शेक म्हणजे मॉक्सिबशन. दवण्याच्या गोत्रातली एक वनस्पती चीन-जपानकडे उगवते. तिची पानं वाळवून, कुटून, चाळून पिवळसर कापसासारखा भुसा करतात, तोच मॉक्सा, आणि तो कागदात घट्ट गुंडाळतात. झाली कांडी, चांगल्या जाड सिगारएवढी. तिचं एक टोक पेटवायचं, ज्योत विझवून नुसता निखारा ठेवायचा आणि तो त्वचेपासून बोट-दीड बोट अंतरावर धरायचा. सुईच्या उपचाराची ही सख्खी बहीण. चिनी भाषेत दोघींचं नावही जोडूनच घेतात.

पहिल्या दिवशी डॉक्टर मॅडमनी कांडीला हातच लावला नाही. शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दम्याचा त्रास आहे का, सगळं विचारून कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, डोळे मिटा," आणि कापसाचा बोळा पायावर ठिकठिकाणी टेकवत "कळतंय का?" विचारत गेल्या. मला वाटलं टाइमपास चाललाय. पण ज्याला स्पर्श कळत नाही त्याला चटकाही कळत नाही, आणि मग फोड येतो. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी डेपोबाहेर काढायची नाही हे आम्हाला शिकवलेलं, त्यामुळे ही बाई मला तिथेच पटली.

शेक असा. तुम्ही उताणे झोपता, गुडघ्याखाली उशी. वाटीखाली दोन बाजूंना दोन खळगे असतात, त्यांच्यावर आधी. मग वाटीपासून चार बोटं खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक जागा आहे, तिला ज़ूसानली म्हणतात. त्या जागेवर सगळ्यात जास्त वेळ. मॅडम एका हाताने कांडी फिरवतात आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेकवून ठेवतात, म्हणजे ऊब किती झाली ते त्यांनाही कळतं. कधी कांडी गोल फिरते, कधी खाली-वर होते. या खाली-वर करण्याला चिनी लोक चिमणीचं दाणे टिपणं म्हणतात. राख वाढली की लगेच वाळूच्या भांड्यात झटकायची. माझ्या अंगावर एकदाही ठिणगी पडली नाही. पाच-सात मिनिटांत कातडी गुलाबी होते आणि ऊब वरवर न राहता आत उतरल्यासारखी वाटते. "चटका बसला तर बोला, सहन करू नका," हे त्या दर वेळी सांगतात. आपल्याकडे जेवढं भाजेल तेवढा गुण, असं समजणारे लोक आहेत, म्हणून सांगावं लागत असेल.

दुसरा प्रकार आल्याचा. आल्याची जाडसर चकती, तिला सुईने भोकं पाडायची, ती गुडघ्यावर ठेवून वर भुशाचा छोटा शंकू पेटवायचा. हा मला कांडीपेक्षा आवडला. ऊब ओलसर असते आणि वास ओळखीचा. कंबरेसाठी जाळीची लाकडी पेटी आहे, ती पाठीवर ठेवून देतात. ती मी एकदाच घेतली. बरी वाटली, पण पेटी ठेवून माणूस निघून जातो, त्यामुळे कांडीची मजा नाही.

आता धूर. याबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून नीट सांगतो. धूर भरपूर होतो आणि वास थेट गांजासारखा येतो. २०१५ च्या कुंभात मी तपोवनाकडे साधुग्रामच्या फेऱ्या मारल्या आहेत, तेव्हा या बाबतीत माझं नाक चुकणार नाही. पहिल्या दिवशी घरी आलो तर आमची ही दारातच थबकली. "कुठल्या आखाड्यात जाऊन आलात?" शर्ट भिजत घातला तरी वास दुसऱ्या धुण्यापर्यंत टिकला. केंद्रातल्या दोन खोल्यांपैकी एकीतच एक्झॉस्ट फॅन आहे. दुसऱ्या खोलीत मिळाली जागा तर डोळे चुरचुरतात. बिनधुराच्या कांड्याही मिळतात, कोळशासारख्या काळ्या असतात, पेटायला वेळ लागतो. तिथे त्या मागून घ्याव्या लागतात आणि प्रत्येक वेळी शिल्लक असतातच असं नाही. दमेकऱ्यांनी साध्या कांडीच्या वाटेला जाऊ नये. आणि दिवसभर त्या धुरात उभं राहणाऱ्या मॅडमच्या फुप्फुसांचा विचार केंद्राच्या मालकांनी करायला हवा, निदान दुसरा फॅन तरी बसवावा.

माझं बघून हिनेही तळपायांना शेक घ्यायचं ठरवलं. हिला शुगर आहे, पायांना मुंग्या येतात. मॅडमनी तोच कापसाचा बोळा फिरवला आणि सरळ नाही म्हणाल्या. "काकू, तुम्हाला तळव्याला नीट कळत नाहीये. मी निखारा आणणार नाही. आधी शुगरच्या डॉक्टरांना पाय दाखवा." पाचशे रुपये समोर येत असताना नको म्हणणारा माणूस मी या धंद्यात तरी क्वचित पाहिला. ही थोडी खट्टू झाली, पण पाय दाखवून आली.

बाहेरच्या खोलीत मात्र वेगळंच जग. काउंटरवरचा मुलगा पहिल्याच दिवशी दहा बैठकींचं पॅकेज गळ्यात मारायला बघतो. ५०० ची बैठक पॅकेजमध्ये ४०० ला पडते म्हणे, पण पैसे आगाऊ आणि परत मिळत नाहीत. भिंतीवर फलक आहे, त्यात गुडघेदुखीपासून थायरॉइड आणि वंध्यत्वापर्यंत सगळं लिहिलंय, शिवाय शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात म्हणे. आत मी मॅडमना विचारलं, झीज भरून निघेल का? त्या हसून म्हणाल्या, "झीज तशीच राहणार काका. दुखणं आणि आखडणं कमी होईल, तेवढ्यात तुम्ही व्यायाम वाढवा." आत एक आणि बाहेर दुसरं असं कसं चालतं, हे मालकांना विचारायला हवं.

फलकावर असंही लिहिलंय की २०१० साली युनेस्कोने अ‍ॅक्युपंक्चर आणि मॉक्सिबशन जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. घेतलं आहे, खरं आहे. पण ती अमूर्त सांस्कृतिक वारशाची यादी. त्याच यादीत २०१७ साली आपला कुंभमेळाही गेला. रामकुंडात डुबकी मारली की गुडघा बरा होतो, असं काही युनेस्को म्हणत नाही. शेजारी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो आहे, हार घातलेला. फोटो बघून बरं वाटलं, पण कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला, आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्यांच्या पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या कोलकात्यात आणली. हार त्यांच्या फोटोला हवा. या भिंतीवरची एकच चौकट तुमच्या कामाची आहे. अ‍ॅक्युपंक्चरसाठी राज्याचा २०१५ चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी लागते. मॅडमचं नोंदणीचं प्रमाणपत्र तिथे लावलेलं आहे. तुम्ही कुठेही जा, आधी ते बघा.

मित्रमंडळी विचारतात की हे तर घरी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून होतं, मग पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्हीही निर्गुडीचा पाला बांधलाय, मिठाने शेकलंय. फरक मला एवढाच जाणवला की पुरचुंडी दोन मिनिटांत निवते आणि पुन्हा तव्यावर जाते, कांडीची ऊब एकाच जागी पंधरा-वीस मिनिटं सारखी राहते. वरून कुणीतरी अर्धा तास फक्त तुमच्या गुडघ्याकडे बघत असतं, त्याचाही गुण असणार. या उपचाराच्या चाचण्या बऱ्याचशा चीनमध्ये झाल्या, पुष्कळशा लहान आहेत, आणि मुख्य अडचण अशी की खोटी गोळी सहज देता येते तशी खोटी ऊब देणं सोपं नसतं. पेशंटला बहुधा कळतंच. त्यामुळे गुण कांडीचा किती आणि मनाचा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. माझ्यापुरतं मला ते वेगळं काढायची गरज पडली नाही.

आणि हो, हे म्हणजे आयुर्वेदातलं अग्निकर्म नव्हे. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय असल्यामुळे नाशिककरांना तो शब्द माहीत असतो आणि गल्लत होते. अग्निकर्मात तापवलेली शलाका कातडीला टेकवतात. इथे निखारा लांबच राहतो.

गुण किती? सुरुवातीला शेकाचा हलकेपणा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकायचा, पावसाळा सरता सरता दोन-तीन दिवस टिकू लागला. त्या हलकेपणात मी टॉवेलचा व्यायाम आणि पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायाम नेमाने केला, आणि खरा फरक त्यानेच पडला असं हाडांच्या डॉक्टरांचं म्हणणं आहे. मॅडमचंही तेच म्हणणं आहे. गोळ्या आता क्वचित लागतात, त्याही डॉक्टरांना विचारूनच कमी केल्या. सोमेश्वरपर्यंत चालत जातो. पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो, उतरताना काठी लागते. पंगतीला मांडी घालून बसणं अजून जमत नाही, लग्नात खुर्ची शोधावी लागते. गुडघा सुजून लाल झाला असेल, ताप असेल, पडून मार लागला असेल तर इकडे येऊच नका, सरळ दवाखाना गाठा.

मॅडमना पाचपैकी साडेचार, केंद्राला दोन. थंडी सुरू झाली की मी पुन्हा जाणार आहे, पैसे बैठकीगणिक देऊन. तुम्ही गेलात तर दुपारी चारची वेळ मागा, फॅनवाली खोली मोकळी असते. जुना शर्ट आणि सैल पायजमा घाला. जीन्स गुडघ्यावर चढत नाही, आणि मग तिथली लुंगी नेसावी लागते, ती धुरकटलेली असते.