नववीचा भूगोल आणि पॉवरपॉइंट: आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये शाळेत प्रोजेक्टर आला आणि मी नववीचा भूगोल पॉवरपॉइंटवर घ्यायला लागले. पहिला महिना वायाच गेला म्हणायचा. धड्यातले परिच्छेद उचलून स्लाइडवर चिकटवायचे आणि पडद्याकडे तोंड करून वाचायचे. पोरं माझ्या आधी वाचून संपवायची, मग बाकावर रेघोट्या.

मग स्लाइडच्या खाली नोट्सची जागा असते, हे ध्यानात आलं. बोलायचं ते सगळं तिकडे हलवलं आणि पडद्यावर फक्त आकृती ठेवली. प्रेझेंटर व्ह्यूमध्ये नोट्स आणि पुढची स्लाइड लॅपटॉपवरच दिसते. मात्र त्यासाठी विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडावं लागतं, नाहीतर आपली चिठ्ठी सगळ्या वर्गाला दिसते. माझी दिसली आहे.

सगळ्यात जमलेला धडा पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगरापलीकडे पाऊस कमी का पडतो त्याचा. सह्याद्रीचा आडवा छेद काढला: एका क्लिकला ढग, दुसऱ्याला चढण, तिसऱ्याला पाऊस. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या पावपटही नाही. असं का, एवढं विचारायचं आणि कीबोर्डवरचं बी दाबायचं. पडदा काळा होतो, नजरा माझ्याकडे वळतात. पुन्हा बी दाबलं की स्लाइड हजर. आठ महिन्यांत सर्वाधिक वापरलेलं बटण हेच.

आता माझी फजिती. दुसऱ्या शाळेत पाठ घ्यायचा होता, फाइल पेनड्राइव्हवर नेली. मी 'मुक्ता' फॉन्ट वापरला होता, तो तिथल्या संगणकावर नव्हता. दुसरा फॉन्ट आला, ओळी फुगल्या आणि स्लाइडवरचं कोयनानगर अरबी समुद्रात गेलं! जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमधून उचललेल्या प्रश्नांची तर नुसती इंग्रजी अक्षरं झाली. ते प्रश्न नंतर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केले. बाकीच्यासाठी फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स'वर खूण करते, म्हणजे फॉन्ट फाइलसोबतच जातो. फाइल जड होते, होऊ दे. सोबत पीडीएफही ठेवते.

स्लाइड मास्टर आधी शिकायला हवं होतं. तिथे एकदा अक्षर मोठं केलं की सगळ्या स्लाइडवर होतं. मी चाळीस स्लाइड एकेक करून बदलत बसले होते.

ॲनिमेशनमध्ये आता फक्त 'अपिअर', म्हणजे जागच्या जागी नुसतं दिसणं, उरलंय. गरगरत येणारी शीर्षकं काढली तेव्हा मागच्या बाकांनी जोरदार निषेध केला.