छपरावर पॅनेल आले, बिल मात्र वाढले

आमचा वाडा गोव्याच्या डिचोली तालुक्यात आहे. वीस-बावीस घरे, मध्ये देवळाचा सभामंडप, पलीकडे काजूची भाटे. वाड्यावरच्या महिला बचत गटाची मी खजिनदार. कोणी, कधी, किती पैसे दिले ते सगळे माझ्या वहीत तारखेसकट आहे, म्हणून हे लिहायचे कामही माझ्याकडेच आले. अकरा घरांचे मिळून 11 लाख 22 हजार रुपये गेले. त्यात आमचेही 1 लाख 2 हजार आहेत.

सुरुवातीलाच सांगते, सौर विजेत खोट नाही आणि सरकारची योजनाही खरी आहे. माझ्या माहेरी भावाच्या घरावर पॅनेल आहेत आणि त्याला अनुदानही मिळाले. आमच्या वाड्यावर जे घडले ते त्या योजनेच्या नावावर कोणीतरी केले.

वीज वाचवायचे वेड आमच्या वाड्याला आधीपासूनचे. खाणी बंद झाल्या तेव्हा बऱ्याच घरांतले ट्रक दारात उभे राहिले, आणि दर बिलाकडे नीट बघायची सवय लागली. आधी आम्ही सगळ्यांनी मिळून एलईडी बल्ब घेतले. मग बचत गटातून कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे आणले. जुना पंखा 75 वॅटचा, हा साधारण 30 चा. दिवसाला बारा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. ज्या घरात तीन पंखे, तिथे फरक बिलावर सरळ दिसला. एकत्र घेतले म्हणून दुकानदाराने भावही कमी केला होता. त्यामुळे वाड्यावर एक विश्वास बसला, की मिळून केलेले काम नीटच होते.

पोरांचे म्हणणे तर त्याही पुढचे. 2020 साली मोलेच्या जंगलातून 400 केव्हीची वीजवाहिनी न्यायला गोव्यात विरोध झाला, तेव्हा आमची मुले त्यात होती. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते. मग आपल्या छपरावर पडणारे ऊन वाया का घालवायचे, असा त्यांचा प्रश्न. तो मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो.

13 फेब्रुवारी 2024 ला प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30 हजार आणि तीन किलोवॅट किंवा जास्त बसवले तर 78 हजार अनुदान. हे आकडे वाड्यावर सगळ्यांना पाठ झाले होते. गणपतीची चवथ झाली आणि पुढच्याच आठवड्यात तो माणूस आला.

त्याला घेऊन आला तो आमच्यातल्याच एकाचा मेव्हणा. गळ्यात योजनेचे चिन्ह छापलेले ओळखपत्र, हातात टॅब, बोलणे एकदम मऊ. सभामंडपात बैठक झाली. तीन किलोवॅटचा खर्च 1 लाख 80 हजार, त्यातले 78 हजार सरकार देणार, तुम्ही फक्त 1 लाख 2 हजार द्या, अनुदान आम्ही परस्पर वळते करून घेतो, असे त्याने सांगितले. दहा घरे जमली तर देवळाला दोन पथदिवे फुकट. लाइट गेली तरी तुमच्या घरात उजेड राहणार, असेही म्हणाला. मी विचारले, "अर्ज कोणी भरायचा?" तो म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? पोर्टलचे सगळे आमच्याकडे. तुम्ही फक्त वीजबिलाची प्रत आणि आधार द्या."

इथेच आमचे चुकले, आणि माझे सर्वांत जास्त. योजनेत अनुदान ग्राहकाच्या स्वतःच्या बँक खात्यात येते, तेही पॅनेल बसून, तपासणी होऊन, नेट मीटर, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगळी मोजणारे मीटर, लागल्यावर. मध्ये कोणी ते वळते करून घेण्याचा प्रश्नच नसतो. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर घरमालकाने आपल्या ग्राहक क्रमांकावर आणि आपल्या मोबाइलवर भरायचा असतो. कोणते विक्रेते नोंदणीकृत आहेत ती यादी तिथेच असते. त्या माणसाचे नाव त्या यादीत नव्हते. दहा मिनिटांचे काम होते. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने बघितले असेल. वहीत माझी सही पहिली होती, आणि पुढच्या दहा जणांनी ती बघून सही केली.

एक इशारा मिळाला होता. कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनींकडे रोख नव्हती, म्हणून त्या बँकेत कर्जाला गेल्या. या योजनेसाठी बँका कमी व्याजाने, तारण न घेता कर्ज देतात. बँकेने पोर्टलवरचा अर्ज क्रमांक मागितला. वहिनींनी त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "तुमचे सध्या राहू दे, तुम्हाला दुसऱ्या टप्प्यात घेऊ." आम्हाला वाईट वाटले की बिचारीचे राहून गेले. पॅनेल घ्यायला तयार झालेल्यांत आज त्या एकट्याच आहेत ज्यांचा एक रुपयाही गेला नाही.

ऑक्टोबरात प्रत्येकाने 60 हजार दिले, जानेवारीत पॅनेल उतरले त्या दिवशी उरलेले 42 हजार. पैसे यूपीआयने गेले ते एका माणसाच्या नावावरच्या खात्यात. त्याने छापील कागद दिला, पण तो अंदाजपत्रकाचा. जीएसटीचे बिल आजपर्यंत कोणाला मिळालेले नाही. पॅनेल मात्र खरोखर बसले. सहा-सहा पॅनेल, मागे 545 वॅटचे स्टिकर. सहा गुणिले 545, म्हणजे सव्वातीन किलोवॅट, सांगितल्यापेक्षा जास्तच. नारळ फोडला, फोटो काढले. जाताना त्याने स्वतःच्या हाताने खटका वर केला आणि म्हणाला, "नेट मीटर पंधरा दिवसांत येईल, तोवर चालू ठेवा, वीज फुकट का घालवता?"

मार्चचे बिल आले. आमचे महिन्याचे सरासरी 240 युनिट. या बिलावर 315. मला वाटले वाचायला चूक झाली. पण दुपारपर्यंत सात घरांतून बायका बिले घेऊन माझ्या ओसरीवर. शेजारची काकी, वय ऐंशीच्या पुढे, बिल माझ्यापुढे धरून म्हणाली, "गो बाय, सूर्य आमचो, आनी बिल वाडलें कशें?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर दिले ते वीज खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याने. बिल घेऊन गेले तर त्यांनी मला बसवून कागदावर मांडून दाखवले, अंदाजाने. दिवसा पॅनेलवर तयार झालेली काही वीज घरात वापरली, उरलेली दीडशेएक युनिट खांबावरच्या तारेत गेली. रात्री तारेतून आम्ही 165 घेतली. नेट मीटर असते तर 165 मधून 150 वजा झाली असती. पण आमचे मीटर साधे. त्याला वीज कुठल्या दिशेने जाते हे कळत नाही, कारण मीटर उलटे फिरवून चोरी होऊ नये म्हणून ते तसेच बनवलेले असते. बाहेर गेलेली 150 सुद्धा त्याने आम्ही वापरली म्हणूनच मोजली. म्हणजे आम्ही आमचीच वीज देऊन वर तिचे पैसे भरत होतो. त्यांनी दुसरेही सांगितले. खात्याला न कळवता पॅनेल तारेला जोडणे बेकायदा आहे, आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाला धोका आहे. अकराही ग्राहक क्रमांक त्यांनी संगणकावर पाहिले. एकाचाही अर्ज नव्हता. नेट मीटर लागून खात्याची तपासणी होईपर्यंत खटका वर करू नका, कोणी कितीही सांगितले तरी.

त्या संध्याकाळी मी घरोघर फिरून अकरा खटके खाली पाडले. त्याचा फोन तेव्हा लागत होता. "आठ दिवसांत येतो" म्हणाला. एप्रिलपासून नंबर बंद. मेव्हण्याला विचारले तर त्यालाही घरामागे दोन हजार कमिशन ठरले होते आणि त्यातले निम्मे बुडाले होते.

अजून एक उरले होते, ते पावसाने दाखवले. जूनच्या पहिल्या सरींत आमच्या गच्चीवरची ताडपत्री सारखी करायला वर गेले, तर एका पॅनेलच्या मागचा स्टिकर कोपऱ्यातून सुटलेला. नखाने ओढला. खाली दुसरा स्टिकर, पिवळा पडलेला, त्यावर 335 वॅट. सहाही पॅनेलांना तेच. म्हणजे सव्वातीन नव्हे, जेमतेम दोन किलोवॅट, आणि तीही जुनी. मग आठवले, फेब्रुवारीत इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या पेटीवर, दिवसाला सात-आठ युनिट दिसत होती. स्वच्छ उन्हात एक किलोवॅटला साधारण चार युनिट धरतात, तीनला बारा यायला हवीत. त्याला तेव्हा विचारले होते, तो म्हणाला पॅनेल रुळायला सहा महिने लागतात. असे काही नसते. नवे पॅनेल पहिल्या दिवसापासून पूर्ण वीज देते.

स्टिकर न काढताही हे ओळखता आले असते. सुताराची टेप लावायची. 545 वॅटचे पॅनेल साधारण 2.28 मीटर लांब आणि 1.13 मीटर रुंद असते. 335 चे दोन मीटर बाय एक मीटर. जुन्या पॅनेलचा रंग निळा, चमचमता, त्यात 72 मोठे चौकोन. नवे काळे दिसते, त्यात 144 अर्धे चौकोन असतात आणि मधोमध आडवी फट. आमच्या छपरांवर निळी पॅनेल पाच महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. शिवाय अनुदानासाठी सेल (पॅनेलातले हे चौकोन) आणि पॅनेल दोन्ही देशात बनलेले लागतात, तसे प्रमाणपत्र विक्रेता देतो. ते मागितले असते तरी तो उघडा पडला असता.

आणि लाइट गेली तरी उजेड राहील हेही खोटेच होते. बॅटरी नसलेली, तारेला जोडलेली यंत्रणा लाइट गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होते, प्रामाणिक माणसाने बसवलेलीसुद्धा. जो याच्या उलट सांगेल, त्याला बॅटरी दाखवायला सांगा.

जुलैत पोलिसांत तक्रार दिली. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी दिले? पहिले ऑक्टोबरात, शेवटचे जानेवारीत. पैसे गेल्यागेल्या कळवले तर समोरच्या खात्यातच अडवता येण्याची शक्यता असते, आमचे केव्हाच काढून झाले होते. जिल्हा ग्राहक आयोगात प्रकरण टाकतो आहोत. दोन वर्षांच्या आत टाकावे लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. यूपीआयच्या नोंदी, ते अंदाजपत्रक, स्टिकरचे फोटो, टेप लावलेले फोटो, सगळे एका फाइलमध्ये लावले आहे.

काकीने पैसे कुठून आणले होते ते मला नंतर कळले. मुलीने दिलेली पाटली मोडली होती. ती मला अजून एक शब्द बोललेली नाही. रोज तुळशीला पाणी घालताना वर छपराकडे बघते तेवढेच.

वहिनींनी या महिन्यात स्वतःच्या मोबाइलवरून पोर्टलवर अर्ज भरला. मी शेजारी बसले होते. ओटीपी त्यांनीच टाकला, विक्रेता यादीतून निवडला, लेखी करार केला, आणि पाच वर्षांची देखभाल त्यात लिहून घेतली. बँक पैसे विक्रेत्याच्या फर्मच्या खात्यात देणार आहे.

हे आताच लिहायचे कारण वेगळे आहे. जानेवारीत आमच्या ओसरीवर बसून त्याने 42 हजारांची नोंद केली, तेव्हा त्याच्या वहीचे पुढचे पान मला दिसले होते. वर सत्तरी तालुक्यातल्या दोन वाड्यांची नावे होती, खाली घरांचे आकडे, एका ठिकाणी चौदा, दुसऱ्या ठिकाणी नऊ. तेव्हा मला बरे वाटले होते की योजना तिकडेही पोचते आहे. वाड्यांची नावे मी पोलिसांना दिली आहेत. तिकडचे कोणी हे वाचत असेल आणि सभामंडपात अशीच बैठक झाली असेल, तर दुसरा हप्ता देऊ नका. आज संध्याकाळीच टेप घेऊन छपरावर चढा.