मिलोसच्या कयाक सहलीत आमचे ५ लाख ६४ हजार ८१० रुपये गेले. तुमचे जाऊ देऊ नका

आधी आकडे, कारण ते सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटते आणि ती एकदाची बाजूला ठेवायची आहे. १२ मे २०२५ रोजी १,८५७.६० युरो, ९६.८० च्या दराने १,७९,८१५ रुपये ६८ पैसे. २० जूनला २,७८६.४० युरो, १००.४० च्या दराने २,७९,७५४ रुपये ५६ पैसे. १४ जुलैला १,००० युरो, म्हणजे १,०१,७०० रुपये. प्रत्येक वेळी बँकेचं शुल्क १,१८० रुपये. बेरीज ५,६४,८१० रुपये २४ पैसे. टीसीएस (परदेशी सहलीचे पैसे पाठवताना बँक कापते तो कर) यात धरलेला नाही, तो विवरणपत्रात परत मागता येतो. विमानाची तिकिटंही धरलेली नाहीत. त्यांचे २,१८,४०० भरले होते, रद्द केल्यावर ६१,२०० परत आले.

चौघांसाठी ग्रीसच्या मिलोस बेटावर ७ ते १३ सप्टेंबर अशी मार्गदर्शकासह समुद्री कयाकची, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीची, सहल होती. माणशी १,२९० युरो, आणि कार्डाऐवजी बँकेतून पैसे पाठवले तर १० टक्के सूट, म्हणजे १,१६१. चाळीस टक्के आगाऊ, साठ टक्के नंतर. अशा फसवणुकीचा साचा सगळ्यांना माहीत असतो, आम्हालाही होता. चौघंही बरीच वर्षं कोकण किनाऱ्यावर वल्हवतोय आणि भरती-वाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाही. त्यामुळेच हे जास्त झोंबतं. जे प्रश्न विचारायचे ते आम्ही विचारले, चुकीची उत्तरं आली, आणि ती चुकीची आहेत हे कळत असूनही पैसे पाठवले.

३ जुलैचा निरोप आजही पाठ आहे. छापील कार्यक्रमात मंगळवारी साराकिनिको, बुधवारी क्लेफ्टिको, गुरुवारी पोलोनियावरून शेजारचं पोलिएगोस बेट असं वारांनुसार ठरवलेलं होतं. आम्ही (वारा बोफर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापात धरून) लिहिलं, "मंगळवारी उत्तरेचा वारा ५ च्या वर असेल तर साराकिनिकोऐवजी कुठून उतरायचं?" उत्तर आलं, "काळजी नको, कार्यक्रम पक्का आहे, बदल होणार नाही." ते वाचून आमच्यातला एकजण म्हणाला, व्यवस्था चांगली दिसते. बाकीचे तिघं गप्प बसलो.

मिलोसवर वल्हवणारा कुठलाही मार्गदर्शक असं उत्तर देऊ शकत नाही. एजियन समुद्रात उन्हाळाभर मेल्टेमी वाहतो. हा उत्तरेचा, कोरडा, निरभ्र आकाशातला वारा आहे. बाल्कनवर दाब जास्त आणि तुर्कस्तानच्या तापलेल्या जमिनीवर कमी, म्हणून तो सुटतो. दुपारी वाढतो आणि लागला की दिवसेंदिवस थांबत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बोफर्ट ६-७ पर्यंत जातो. सप्टेंबरमध्ये कमी होतो, पण संपत नाही. आपल्या खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांसारखं घड्याळ लावून त्याच्यावर विसंबता येत नाही. साराकिनिकोचे पांढरे ज्वालामुखी खडक उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे थेट त्याच्या तोंडावर आहेत. वारा ५ चा, म्हणजे १७ ते २१ नॉट झाला की तिथे लाट खडकावर आपटून उलटी येते, दोन्ही बाजूंनी पाणी उकळल्यासारखं होतं, आणि होडी लावायला जागा उरत नाही. अशा दिवशी गट दक्षिणेला नेतात. प्रोवातास, आगिया किरियाकी, पालिओखोरी हे किनारे बेटाच्याच आडोशाला आहेत. तिथेही सावध राहावं लागतं, कारण वारा जमिनीकडून समुद्राकडे ढकलतो. पश्चिमेला प्रोफितिस इलियासचा ७४८ मीटरचा डोंगर आहे, त्याच्यावरून उतरणारे झोत क्लेफ्टिकोच्या वाटेवर अचानक येतात. किनाऱ्यापासून २०० मीटर बाहेर गेलेला नवशिका परत येऊ शकत नाही. म्हणून आज कुठे जायचं हे तिथे सकाळचा अंदाज बघूनच ठरतं. वार आणि जागा आधी छापून देणारा एकतर मिलोसला गेलेला नाही, नाहीतर तुमच्या जिवाची त्याला फिकीर नाही. आमचा पहिल्यातला होता. हे आम्हाला ३ जुलैला कळायला हवं होतं, तेव्हा १,००० युरो वाचले असते.

दुसरी खूण होड्यांची. कोणत्या होड्या देणार असं विचारल्यावर "सिट-ऑन-टॉप, २.८ मीटर, अतिशय स्थिर" असं उत्तर आलं. सिट-ऑन-टॉप म्हणजे वर उघड्यावर बसायची होडी. पुढच्याच ओळीत दोन रात्री क्लेफ्टिकोच्या वाळूवर तंबू, सामान होडीतच. २.८ मीटरची होडी हॉटेलसमोरच्या उथळ पाण्यात तासभर खेळायची असते. मुक्कामाच्या फेरीसाठी होडी साधारण ५ मीटरची लागते. तिला पुढे-मागे पाणी न शिरणारे कप्पे, त्यांवर हॅच म्हणजे घट्ट झाकणं, डेकभर धरायच्या दोऱ्या, आणि आडव्या वाऱ्यात सरळ रेषेत राहायला स्केग (तळाचं पातं) किंवा रडर (सुकाणू) लागतो. माणशी दिवसाला ४ लिटर पाणी धरलं तर दोन दिवसांचे ८ किलो नुसते पाण्याचेच झाले, ते २.८ मीटरच्या होडीत कुठे ठेवणार? शिवाय ग्रीसमध्ये मोकळ्या किनाऱ्यावर तंबू ठोकायला कायद्याने बंदी आहे. क्लेफ्टिकोला गाडीरस्ता नाही, पायी किंवा बोटीनेच जावं लागतं. वारा चढला तर अडकलेल्या गटाला बाहेर कसं काढणार याचं उत्तर मार्गदर्शकाकडे तयार असावं लागतं. आम्ही तो प्रश्न विचारलाच नाही. तुम्ही विचारा. टो-लाइन (होडी ओढायची दोरी) कोणाकडे, व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरची संकटाची वाहिनी कोण ऐकणार, एका मार्गदर्शकामागे किती माणसं, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं, हेही विचारा. खरा माणूस दोन ओळींत सांगतो, उलट तुमचीच चौकशी करतो. उलटलेल्या होडीतून बाहेर पडून परत चढता येतं का, हे आम्हाला एकदाही कोणी विचारलं नाही. जो तुमची तयारी विचारत नाही त्याला तुम्हाला पाण्यात उतरवायचंच नसतं.

फोटोसुद्धा खोटे होते. मिलोस ज्वालामुखीचं बेट आहे. पांढरा, लाल, गंधकाचा पिवळा असे खडक, आणि वर खुरटी झुडपं. पहिल्याच फोटोत करडा चुनखडक आणि पाण्यापर्यंत उतरलेली पाइनची झाडं होती, दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यासारखी. प्रतिमा शोधाला टाकायला अर्धा मिनिट लागतं. आम्ही ते ११ ऑगस्टला टाकलं.

मग पैशांचं. खातं ज्या नावावर होतं ते सहल कंपनीचं, पण आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) "एलटी"ने सुरू होत होता. ग्रीसचा आयबॅन "जीआर"ने सुरू होतो आणि २७ अक्षरांचा असतो. लिथुआनियाचा "एलटी"ने, २० अक्षरांचा. लिथुआनियात ऑनलाइन खाती देणाऱ्या ई-मनी संस्था पुष्कळ आहेत आणि प्रामाणिक व्यावसायिकही त्या वापरतात, म्हणून नुसत्या "एलटी"वरून कोणाला चोर म्हणता येत नाही. पण बेटावरची छोटी कंपनी, बाहेरच्या देशातलं खातं आणि कार्ड न घेण्यासाठी १० टक्के सूट हे तिन्ही एकत्र दिसलं की थांबायचं. कार्डाने भरलं असतं तर चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत परतावा, मागता आला असता. स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश व्यवस्थेने) गेलेला पैसा तुम्ही स्वतः पाठवलेला असतो. युरो क्षेत्रातल्या बँकांना ९ ऑक्टोबर २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव जुळतं का ते तपासून सांगावं लागतं. भारतातून जाणाऱ्या स्विफ्टला तो नियम लागू नाही. नावाच्या रकान्यात तुम्ही काहीही लिहा, तिकडे आयबॅनवरच पैसे जमा होऊ शकतात.

त्यांच्या पानाच्या तळाशी व्हॅट क्रमांक होता, "जीआर" आणि पुढे नऊ आकडे. युरोपीय आयोगाच्या व्हीआयईएस या मोफत तपासणीत ग्रीसचा व्हॅट क्रमांक "जीआर"ने नव्हे, "ईएल"ने सुरू होतो. ग्रीक कंपनीला जेमी या व्यापारी नोंदवहीतला क्रमांकही संकेतस्थळावर द्यावा लागतो आणि ती नोंदवही कोणालाही बघता येते. इथे तो नव्हताच. व्हॉट्सॲपचा नंबर ब्रिटनचा, +४४; ग्रीसचा +३० असतो. एवढ्या खुणा डोळ्यांसमोर होत्या. आमच्या बाजूने एवढंच सांगतो की हवामानाचे नियम, रद्द करण्याच्या अटी, आरोग्याचा अर्ज हे सगळं अस्सल मजकुरातून उचललेलं होतं. दोनदा व्हिडिओ कॉलही झाला, मागे होड्यांचा रॅक दिसत होता. अनोळखी निरोपावर भुलून पाठवलेले पैसे नव्हते हे.

मुक्काम आणि मार्गदर्शन एकत्र विकलं की ते युरोपच्या २०१५/२३०२ या निर्देशाखालचं पॅकेज ठरतं. विक्रेत्याने बुकिंगआधी ठरावीक नमुन्यातली माहिती द्यावी लागते, आणि तो दिवाळखोर झाला तर पैसे कोण परत देणार त्या संस्थेचं नाव त्यात असतं. ते नाव मागा आणि त्या संस्थेला स्वतः मेल करा. हे संरक्षण दिवाळखोरीचं आहे, खोट्या कंपनीविरुद्ध त्यातून काही मिळत नाही. पण खोटी कंपनी हे नाव देऊ शकत नाही, म्हणून विचारायचं.

तिसरा हप्ता "कयाक हानी अनामत" म्हणून घेतला, माणशी २५०, शेवटच्या दिवशी परत. अनामत तिथे पोहोचल्यावर कार्डावर रोखून धरतात, दोन महिने आधी परदेशी खात्यात मागत नाहीत. तोवर व्हिसा हातात होता, तिकिटं झाली होती, म्हणून भरली.

व्हिसाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. अर्जाला जोडलेलं मिलोसवरच्या आदामास गावातल्या निवासाचं व्हाउचर या लोकांनीच दिलेलं होतं आणि ते खोटं निघालं. ११ ऑगस्टला त्या निवासाच्या मालकीणबाईंना फोन केला तेव्हा आमच्या नावाचं काहीच नव्हतं. म्हणजे आमच्या शेंगेन अर्जात, आमच्या सहीने, खोटा कागद गेला. अर्जाची माहिती व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहते आणि खोट्या कागदावर मिळालेला व्हिसा रद्द होऊ शकतो. आम्ही स्वतःहून वकिलातीला तक्रारीच्या पावतीसह लेखी कळवलं. तुमच्यावर ही वेळ आली तर त्याच दिवशी कळवा. आणि मुळात व्हाउचर मिळालं की निवासाच्या नंबरवर स्वतः फोन करा. नंबर नकाशावरून घ्यायचा, व्हाउचरवरचा नाही.

आता आमच्या बँकेबद्दल, नाव इथे देत नाही. ११ ऑगस्टला दुपारी शाखेत जाऊन तिन्ही व्यवहार परत बोलावण्याची लेखी विनंती दिली. "तुम्हीच पाठवलेत ना?" हे पहिलं वाक्य. हो, आम्हीच पाठवले. फसवून घेतले म्हणून तर आलो. रिकॉल म्हणजे काय हे शाखेतल्या बाईंना मुख्यालयाला विचारावं लागलं. संदेश गेला १८ ऑगस्टला, सात दिवसांनी! २ सप्टेंबरला तिकडून उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही. पैसे ११ तारखेलाही नसतील कदाचित. पण ते सात दिवस कशात गेले हे आजवर कोणी सांगितलेलं नाही, आणि तीन पत्रांना एकच ठरावीक उत्तर आलं. शाखेत गेलात तर तोंडी काही मागू नका. प्रत्येक व्यवहाराची स्विफ्ट प्रत आणि यूईटीआर क्रमांक लेखी मागा; त्यावरून पैसा कोणत्या बँकेत कधी पोहोचला ते दिसतं. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

पोलिसांकडचं याहून वाईट. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पावती क्रमांक मिळाला, तो घेऊन १२ ऑगस्टला सायबर ठाण्यात गेलो. त्यांनी स्थानिक ठाण्यात पाठवलं. स्थानिक ठाण्याने "गुन्हा परदेशात घडला" म्हणून परत सायबरला. चार खेपा झाल्या. एका अधिकाऱ्याने विचारलं की इथे समुद्र असताना ग्रीसला कशाला जायचं होतं? फिर्याद घ्यायची सोडून हा प्रश्न. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०२ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक संदेशातून फसवलं असेल तर संदेश जिथे मिळाला तिथल्या हद्दीत तपास होऊ शकतो. कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. दोन्ही कलमं छापून नेली होती, ती वाचलीही नाहीत. शेवटी १७३(४) खाली वरिष्ठांना टपालाने पत्र पाठवलं तेव्हा ९ सप्टेंबरला गुन्हा दाखल झाला, भारतीय न्याय संहितेचं (फसवणुकीचं) ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. आम्ही मिलोसच्या पाण्यात असायला हवं होतं त्या आठवड्यात ठाण्याच्या बाकावर होतो. त्या खात्याच्या संस्थेला भारतातून अजून पत्रही गेलेलं नाही. लिथुआनियाच्या मध्यवर्ती बँकेकडे, म्हणजे या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्यांकडे, आम्ही स्वतःच लिहिलं.

तेच फोटो आणि तोच कार्यक्रम आता दुसऱ्या नावाने, २०२६ च्या जून-सप्टेंबरसाठी लागला आहे. मंगळवारी साराकिनिको, २.८ मीटरच्या होड्या, बँकेतून भरल्यास १० टक्के सूट. पहिला हप्ता गेला असेल तर दुसरा देऊ नका. आजच बँकेत लेखी रिकॉल द्या, पोच घ्या, १९३० ला फोन करा, आणि त्यांना काही कळू देण्याआधी सगळ्या गप्पांच्या प्रती काढून ठेवा. आमच्या बाबतीत प्रश्न विचारताच त्यांनी अर्धे निरोप पुसून टाकले होते.