इंग्लंडमध्ये फ्लॅट घेताना निवडलेला सॉलिसिटर : काही महिन्यांनंतरचा अनुभव

फ्लॅटचा ताबा मिळून काही महिने झाले आहेत आणि लँड रजिस्ट्रीत आमची नावेही लागली आहेत, त्यामुळे ज्या सॉलिसिटरबाईंकडे (घरखरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलांकडे) हे काम सोपवले होते त्यांच्याविषयी आता सविस्तर लिहिता येईल. फ्लॅट इंग्लंडमधला आणि लीजहोल्ड आहे, म्हणजे त्यावरचा हक्क लीजमध्ये ठरलेल्या वर्षांपुरताच असतो. स्कॉटलंडमधील खरेदीची पद्धत निराळी असल्याने तेथे घर घेणाऱ्यांना यातील बराच भाग लागू पडणार नाही.

आमची ऑफर मान्य होताच इस्टेट एजंटने एका फर्मचे नाव सुचवले. अशा शिफारशीमागे पुष्कळदा एजंटला मिळणारे कमिशन असते आणि ती स्वीकारण्याचे कोणतेही बंधन खरेदीदारावर नसते, म्हणून आम्ही स्वतंत्रपणे चौकशी केली. सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या नियमामुळे डिसेंबर 2018 पासून फर्मना घरखरेदीच्या कामाचे दर वेबसाइटवर द्यावे लागतात. मात्र हे आकडे नीट वाचावे लागतात, कारण मूळ फी कमी दाखवणाऱ्या काही फर्म लीजहोल्डसाठी, नातेवाइकांकडून भेट मिळालेल्या रकमेच्या तपासणीसाठी आणि बँक ट्रान्सफरसाठी वेगळे पैसे लावतात. ही सगळी बेरीज मांडल्यावर स्वस्त आणि महाग यांतला फरक बराच कमी झाला.

मग आमचा निर्णय ठरला तो फोनवरच्या उत्तरांवरून. फाइल प्रत्यक्ष कोण हाताळणार, ती व्यक्ती रजेवर असताना कोण बघणार आणि आम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिने मान्य केलेल्या फर्मच्या यादीत, फर्म आहे का, हे आम्ही सर्वांना विचारले. फर्म पॅनेलवर नसेल तर बँक स्वतःसाठी दुसरा सॉलिसिटर नेमू शकते आणि त्याचा खर्च व वेळ आपल्यावर पडतो. काही ठिकाणी फाइल कोणाकडे जाईल हेच सांगता आले नाही. या बाईंनी मात्र स्वतः फोन घेतला आणि लीजची किती वर्षे उरली आहेत, हे आम्ही काही विचारण्याआधी त्यांनीच विचारले. लीज 80 वर्षांच्या खाली गेली की मुदतवाढ महाग होते आणि बँकाही कर्ज देताना हात आखडता घेतात, त्यामुळे हा प्रश्न पहिल्याच बोलण्यात निघणे मला फार महत्त्वाचे वाटले.

भारतातून पैसे आणणाऱ्यांनी पुढचा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. डिपॉझिटची काही रक्कम आई-बाबांनी दिली होती आणि मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे ती कोठून आली याचा पुरावा सॉलिसिटरला घ्यावाच लागतो. बाबांची बँक स्टेटमेंट, मोडलेल्या मुदतठेवींच्या पावत्या, विकलेल्या प्लॉटच्या मराठी खरेदीखताचे प्रमाणित भाषांतर आणि पैसे परत मागणार नसल्याचे पत्र, एवढी यादी त्यांनी सुरुवातीलाच दिली. भारतातून रहिवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंतच रक्कम पाठवता येते, हे लक्षात घेऊन कागद आणि पैसे दोन्ही वेळेत पोचवता आले.

त्यांचे खरे कौशल्य दिसले ते विक्रेत्याला विचारलेल्या प्रश्नांत. इमारतीच्या व्यवस्थापनाकडून कागद यायला बराच वेळ लागला, एजंट रोज घाई करत होता, तरीही सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभालीसाठी फ्लॅटधारकांनी भरायच्या रकमेचे) हिशेब आणि छताच्या नियोजित दुरुस्तीची माहिती हाती आल्याशिवाय करारांची देवाणघेवाण करायची नाही, यावर त्या ठाम राहिल्या. त्या टप्प्यापर्यंत दोन्ही पक्षांना माघार घेता येते. त्यानंतर मात्र खरेदीदार मागे हटला तर साधारणपणे किमतीच्या 10 टक्के असलेले डिपॉझिट गमवावे लागते. त्यांच्या आग्रहामुळे, जुन्या वर्षाच्या सर्व्हिस चार्जमध्ये तूट निघाल्यास ती भरता यावी म्हणून विक्रेत्याच्या पैशांतील काही रक्कम राखून ठेवण्यात आली. पुढे तशी तूट निघालीही, आणि ती आमच्या खिशातून गेली नाही.

त्यांच्या कामात उणिवाही होत्या. ईमेलला उत्तर यायला अनेकदा काही दिवस लागत आणि फर्मच्या ॲपवर फाइलची स्थिती कायम मागे असे. नेमके काय चालले आहे ते फोन केल्यावरच कळे. पैशांच्या बाबतीत मात्र त्या काटेकोर होत्या. बँक खात्याचा क्रमांक ईमेलने बदलला जाणार नाही, असे त्यांनी पहिल्याच पत्रात लिहिले होते आणि मोठी रक्कम पाठवण्याआधी त्यांच्या कार्यालयाच्या मूळ नंबरवर फोन करून खात्री करायला सांगितले होते. घरखरेदीच्या वेळी ईमेल हॅक करून खोटे खाते कळवण्याचे प्रकार घडतात, म्हणून ही सूचना कोणत्याही फर्मकडून आवर्जून मागून घ्यावी. स्टॅम्प ड्यूटीचे विवरणपत्र 14 दिवसांच्या मुदतीत गेले आणि अखेरचे बिलही आधी दिलेल्या अंदाजाला धरून आले.

लीज वाढवण्याचे काम निघेल तेव्हा मी त्यांच्याकडेच जाईन, मात्र ईमेलला किती दिवसांत उत्तर मिळेल हे या वेळी काम देण्याआधी लेखी घेईन.